नाकाचा स्प्रे आणि तोंडाने ओढायचा पंप, औषध एकच तर दोन्ही कशाला?

तुम्ही विचारलंय की आईला नाकाचा स्प्रे आणि तोंडाने ओढायचा पंप असे दोन्ही लिहून दिलेत, दोन्हींवर नाव फ्लुटिकासोनच आहे, तर नुसत्या पंपावर भागणार नाही का? नाही भागणार. फोंड्याला माझी फार्मसी आहे. चवथीआधी लोक घरं झाडायला काढतात, शिंका आणि दमा एकदमच सुरू होतात, आणि हा प्रश्न काउंटरवर येतोच.

फरक कणांच्या आकारात आहे. पंपातलं औषध फुप्फुसात पोचायचं तर कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे लागतात. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढा बारीक कण हवेबरोबर वळत वळत खोल जातो. १० मायक्रॉनच्या वरचे बहुतेक कण नाकाच्या ओल्या भिंतींवरच चिकटतात; धूळ अडवणं हे नाकाचं कामच. म्हणून स्प्रेचे थेंब मुद्दाम जाड ठेवतात. त्यांना नाकाच्या पुढे जायचंच नसतं.

आता खरी गंमत वापरण्यात आहे. दोन्हींची रीत एकमेकांच्या उलट.

स्प्रे मारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक मधल्या पडद्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला. मग हलकेच श्वास. लोक तपकीर ओढल्यासारखं सर्रकन ओढतात आणि मग सांगतात, "घशात कडू लागलं." कडू लागलं म्हणजे औषध पोटात निघालं. पडद्यावरच फवारा मारत राहिलात तर नाकातून रक्त येऊ शकतं.

पंपाला मात्र आधी पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, दाबता दाबता सावकाश खोल ओढायचं आणि दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरायचा. आमच्याकडे येणाऱ्या एका काकांना मी म्हटलं, इथेच घेऊन दाखवा. त्यांनी दाबला, आणि ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धूर बाहेर! वर्षभर ते तसंच घेत होते. आईचं वय झालं असेल तर स्पेसर घ्याच, तो नळकांड्यासारखा प्लास्टिकचा डबा. दाबणं आणि ओढणं एका वेळी जमवावं लागत नाही, घशावर आदळणारं औषधही कमी होतं. नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

पावडरच्या कॅप्सूलवाला इनहेलर असेल तर पुन्हा वेगळं, तो जोरात ओढायचा. आणि कॅप्सूल गिळायची नसते, हे आवर्जून सांगा. एका बाईंनी आठवडाभर पाण्याबरोबर गिळल्या. चूक माझीच, पाकीट हातात देताना मी बोललोच नाही. जून-जुलैत आपल्या हवेत ती पावडर ओल धरते, तेव्हा कॅप्सूल ऐनवेळीच पाकिटातून काढा.

नाकातलं औषध नाकातच राहतं असा सरसकट नियम मात्र करू नका. फिट आलेल्या माणसाला मिडाझोलाम नाकात फवारतात. दातखीळ बसलेली असते, गोळी देता येत नाही, सुई टोचणारं कोणी जवळ नसतं, आणि नाकाच्या अस्तरातून ते थेट रक्तात उतरतं.

चोंदलेलं नाक झटक्यात उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब घरात असतील तर तो स्प्रेचा भाऊ समजू नका. तीन ते पाच दिवस, पुढे बंद. लांबवले की त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. फ्लुटिकासोनचं उलट, तो रोज मारावा लागतो आणि नीट गुण यायला एक-दोन आठवडेही जातात. दोन दिवसांत "उपेग ना" म्हणून बाटली परत आणणारे मला दर महिन्याला भेटतात.

पुढच्या वेळी औषध घ्यायला जाताना आईलाच बरोबर न्या आणि दोन्ही तिथेच काउंटरवर घेऊन दाखवायला सांगा. फार्मसीवाला कंटाळला तर कंटाळू दे.