इस्लामिक बँक लोक निवडतात ते फक्त धर्मामुळे का?

प्रोजेक्टसाठी तुम्ही विचारलंय की ग्राहक इस्लामिक बँकेकडे वळतात ते निव्वळ धर्मामुळे, की त्यात आणखी काही असतं. मी मिरजेत 14 वर्षं पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करते, तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून सांगते.

धर्माचं कारण खरं आहे, ते कमी लेखू नका. इस्लाममध्ये व्याज घेणं-देणं मना आहे, म्हणून इस्लामिक बँक व्याजाऐवजी नफ्यावर चालते. दर्ग्याजवळ शिलाईकाम करणारे एक चाचा रोज 100 रुपये भरतात. पहिल्या वर्षी मुदत संपल्यावर हिशेब मांडला तर म्हणाले, "ताई, माझं मुद्दल तेवढं द्या. वरचं आम्हाला चालत नाही." पण व्याज खात्यावर पडतंच. मग त्यांनी कार्डाच्या मागे ती रक्कम लाल पेनाने लिहून घेतली आणि दवाखान्यात अडलेल्या एका बाईला देऊन टाकली. पुण्य मिळावं म्हणूनही नाही. ते पैसे आपले नव्हेतच, एवढंच त्यांचं म्हणणं. दरवर्षी तो लाल आकडा असतो.

त्यांचा मुलगा मात्र वेगळं बोलतो. तो दुबईत आहे. तिथे 1975 पासून इस्लामिक बँक आहे. त्याने तसल्याच बँकेतून गाडी घेतली. का, तर "एकूण किती द्यायचे ते पहिल्याच दिवशी कळलं." याला मुराबहा म्हणतात. बँक वस्तू स्वतः विकत घेते, आपला नफा उघड सांगते आणि हप्त्याने विकते. ठरलेला आकडा पुढे वाढत नाही. सावकाराच्या चक्रवाढीत ज्यांचं घर पोळलंय त्यांना याचं मोल विचारा, मग जात-धर्म कुठलाही असो. मलेशियात बिगरमुस्लिम लोकही अशा बँकांचे ग्राहक आहेत ते उगाच नाही. बाकी चांगली सेवा, जवळची शाखा, मित्राचा शब्द ही कारणं कुठल्याही बँकेला लागू पडतात.

आपल्याकडे निवडायला अशी बँकच नाही. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. मग माणसं भिशी लावतात. साध्या भिशीत व्याज नसतं आणि समोरचा माणूस गल्लीतलाच असतो.

या विश्वासाचाच गैरफायदाही घेतला जातो, आणि मला सर्वांत जास्त वाईट त्याचं वाटतं. बंगळुरूच्या आयएमए या कंपनीच्या प्रकरणात 'हलाल', म्हणजे धर्माला चालणारी, गुंतवणूक म्हणून हजारो साध्या माणसांनी पैसे ठेवले आणि 2019 मध्ये ते बुडाले. धंदा काय, नफा येतो कुठून, हे फार थोड्यांनी विचारलं असेल.

म्हणून प्रश्नावलीत "धर्म महत्त्वाचा वाटतो का?" एवढंच घालू नका. त्याला सगळे हो म्हणतील. "मिळालेल्या व्याजाचं तुम्ही काय करता?" आणि "या बँकेचं नाव पहिल्यांदा कोणी सांगितलं?" हे दोन प्रश्न घाला.