ग्रामीण भागातील घरासाठी भरवशाचा बायोमास बॉयलर कसा निवडावा?
गावाबाहेरच्या मोठ्या घरासाठी कोणता बायोमास बॉयलर (लाकडासारखे जैविक इंधन जाळून घर गरम करणारे यंत्र) भरवशाचा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कंपनीच्या नावाआधी इंधनाचा विचार करावा, कारण बॉयलरच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ ओल्या लाकडात सापडते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते. हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली येण्याआधीच लाकूड जाळले, तर बरीच उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते आणि धुराड्यात काळे, चिकट डांबर साचते. ओंडका मधोमध फोडून आतल्या बाजूला आर्द्रतामापक टोचून पाहावा. वरचा भाग हमखास फसवतो. पेलेटमध्ये, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांमध्ये, ओलावा साधारण १० टक्क्यांच्या आत असतो, मात्र ते साठवण्याची जागा पूर्ण कोरडी हवी.

बॉयलरची क्षमता घराच्या उष्णताहानीच्या, म्हणजे घरातून बाहेर निसटणाऱ्या उष्णतेच्या, हिशेबावरूनच ठरवावी. ‘थोडा मोठाच घेऊ’ हा मोह महागात पडतो, कारण गरजेपेक्षा मोठा बॉयलर सारखा पेटत-विझत राहतो आणि लवकर झिजतो. ओंडक्यांवर चालणाऱ्या बॉयलरला गरम पाण्याची साठवण टाकी जोडावीच. सुटे भाग आणि जाणकार तंत्रज्ञ जवळपास मिळत नसतील, तर उत्तम यंत्रही ऐन थंडीत बंद पडून राहील.