वारा बघून बेट निवडा

प्रश्न : कॅप्टन, मुलगी-जावई जर्मनीत असतात. ऑगस्टच्या सुट्टीत आम्हा दोघांना घेऊन आठवडाभर ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घ्यायची, असा त्यांचा बेत आहे. मिकोनोस, सँटोरिनी करायचं म्हणतात. आम्ही साठी ओलांडलेली. मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा हिला मळमळतं. जावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर जा. फक्त बेत फोटो बघून आखलेला दिसतोय, तो वारा बघून आखायला लावा.

मिकोनोस, सँटोरिनी ही एजियन समुद्रातली सिक्लाडीस बेटं. जुलै-ऑगस्टात तिथे मेल्टेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा मात्र बोफर्टच्या मापाने, म्हणजे वाऱ्याचा जोर शून्य ते बारा असा मोजतात त्यात, सहा-सात. एकदा लागला की चार-चार दिवस हलत नाही. त्याचं मूळ आपल्याच दिशेला आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, जो आपल्याकडे पाऊस ओढून आणतो, त्याचं पश्चिमेचं टोक तुर्कस्तानपर्यंत पोचतं. बाल्कनकडे दाब जास्त, म्हणून वारा तिकडून खाली धावतो. शिवाय सँटोरिनीच्या ज्वालामुखीच्या विवरात पाणी शेकडो मीटर खोल. नांगर टाकायचा कुठे? ते बेट फेरीबोटीने बघायचं असतं.

तुम्ही ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात जा. लेफ्काडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया. इथला वारा माणसाळलेला. सकाळी पाणी तेल ओतल्यासारखं सपाट, दुपारी वायव्येकडून मैस्त्रो येतो, तीन-चार जोराचा, आणि बहुधा संध्याकाळी पडतो. बेटं इतकी जवळ की एका बंदरातून दुसऱ्यात जायला दोन-तीन तास पुरतात. न्याहारी करून निघायचं, वाटेत एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहायचं, वारा आला की शीड चढवायचं. दिवसाला दहा-बारा सागरी मैलांच्या वर जावई बोलायला लागले तर नकाशा काढून घ्या.

ऑगस्टात एक पथ्य पाळाच : दुपारी दोनच्या आत धक्क्याला लागायचं. इथाकाचं किओनी हे पवनचक्क्यांच्या तीन पडक्या बुरुजांखालचं बंदर, सुंदर पण इवलंसं. चारला पोचाल तर जागा नाही. केफालोनियाच्या उत्तर टोकावरच्या फिस्कार्डोचंही तेच. १९५३च्या भूकंपात केफालोनिया जवळजवळ जमीनदोस्त झालं, हे टोक तेवढं वाचलं. म्हणून जुनी व्हेनिसकालीन घरं अजून उभी आहेत आणि म्हणूनच गर्दी.

बोट तिथे पाठमोरी लावतात. धक्क्यापासून चाळीसएक मीटरवर नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, नांगर सोडायचा, साखळी सोडत सोडत मागे यायचं, मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोर धक्क्यावर फेकायचे, मग साखळी ताणून घ्यायची. बोट आणि धक्का यांच्यामध्ये एक फळी टाकली की उतरलात. आपल्या रत्नागिरीला असं करून बघा! उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर वरखाली होतं, फळी सकाळी उभी दिसेल. तिथे भरती जेमतेम वीतभर. मात्र फळीवर कठडा नसतो, तेव्हा वहिनींच्या चपला रबरी तळाच्या हव्यात. सकाळी शेजाऱ्याची साखळी तुमच्या साखळीवर पडलेली निघाली तर आरडाओरडा करू नका. चहा ठेवा, ती सुटते.

मळमळीचं म्हणाल तर गोळी निघण्याआधी घ्यायची, सुरू झाल्यावर उपयोग नाही. कोणती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. बोट चालू असताना खाली केबिनमध्ये जायचं नाही, सुकाणूपाशी बसून क्षितिज बघायचं. डुलणाऱ्या लाँचमधल्या धुरापेक्षा हे पुष्कळ सुसह्य असतं. तारीख हलवता आली तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर घ्या.

प्रश्न : मी मुंबईत छोट्या शिडाच्या होडीचा कोर्स केला आहे. ग्रीसमध्ये स्वतः बोट चालवता येईल? – एक वाचक, दादर

उत्तर : तेवढ्यावर नाही. तांडेलाशिवाय, म्हणजे बोट चालवणारा सोबत न घेता, बोट भाड्याने घ्यायची तर मान्यताप्राप्त स्किपरचं प्रमाणपत्र लागतं, आणि सोबत अनुभवी दुसरा माणूसही. आधी तांडेलासकट बोट घ्या. त्याची दिवसाची मजुरी वेगळी, त्याचं जेवण आपल्याकडे आणि झोपायला एक जागा त्याची, हे धरूनच केबिन मोजा. आठवडाभर त्याच्या हाताखाली दोर ओढलेत तर कोर्समध्ये मिळालं नाही ते मिळेल, विशेषतः पाठमोरी बोट लावणं. त्यात भले भले घाम गाळतात.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. थेपले किती न्यावेत? – एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या दिवसापुरते. ग्रीक माणूस ऑर्थोडॉक्स उपास पाळणारा, त्यामुळे बिनमांसाचं जेवण त्याला नवं नाही. ‘लादेरा’ मागा, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या : फरसबी, भेंडी, वांगी. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कच्चा कांदा. ‘गिगांतेस’ हे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे. भात भरलेले टोमॅटो, ‘गेमिस्ता’, घेताना मात्र आत खिमा नाही ना, हे विचारून घ्या. तिखट कुठेच मिळणार नाही, मिरचीपूड न्या. आणि खानावळी रात्री नऊनंतर रंगात येतात, तेव्हा उरलेले थेपले संध्याकाळी सहाला कामाला येतील.