तोफेतच्या घटाला हात लावण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

प्राचीन कार्थेजच्या तोफेतवर, म्हणजे लहान मुलांची आणि कोकरांची जाळलेली हाडं घटांत भरून पुरलेल्या आवारावर, काम करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. आराखड्याच्या पहिल्याच ओळीत तू विचारलं आहेस, ‘तिथे लहान मुलांचा बळी देत होते की नाही?’ हा प्रश्न सहा महिने बाजूला ठेव. एका घटावरून नेमकं किती बोलता येतं, ते आधी बघ.

ट्युनिसच्या सलाम्बो भागातलं हे आवार 1921 मध्ये उजेडात आलं, तेही विक्रीला आलेल्या एका कोरीव शिळेचा माग काढल्यामुळे. त्यानंतरची कित्येक वर्षं शिळा वेगळ्या उचलल्या गेल्या आणि घट वेगळे. शिवाय वापरात असतानाच त्या जागेवर पुन्हा पुन्हा भर घातली जात होती, त्यामुळे वरच्या थरातल्या पुष्कळ शिळा आपल्या मूळ जागी नाहीत. म्हणून पहिलं काम म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता: शिळा नक्की कुठल्या घटावर होती हे माहीत आहे, शक्यता आहे, काहीच माहीत नाही. तिसऱ्या रकान्यातली शिळा अक्षरवळण आणि चिन्हांसाठी सोन्यासारखी आहे, पण हाडांबद्दलच्या वाक्यात तिला आणू नकोस. निम्मी चुकीची विधानं याच गल्लतीतून येतात.

प्रत्यक्ष घट हाताळायला मिळाला तर तो जागेवर रिकामा करायचा नाही. पट्टी गुंडाळून, मातीसकट उचलायचा आणि प्रयोगशाळेत दोन-दोन सेंटिमीटरच्या थरांनी उकलायचा. प्रत्येक थराचा फोटो, वजन आणि रंगाची नोंद हवी. काळं हाड कमी तापलेलं, करडं त्याहून जास्त, पांढरं पूर्ण भाजलेलं. एकाच घटात तिन्ही रंग दिसले तर चिता सगळीकडे सारखी पेटली नव्हती. सगळी माती एक मिलिमीटरच्या चाळणीतून जाऊ दे. तान्ह्या बाळाच्या न उगवलेल्या दाताचं टोपण काही मिलिमीटरचंच असतं. पाच मिलिमीटरची चाळणी वापरलीस की दात गेले, आणि मग वय केवळ लांब हाडांवरून काढावं लागतं. मुलं किती हे मोजताना कानाजवळचं ते दगडासारखं घट्ट हाड धर, आणि एकाच बाजूचं मोज. मेंढी की शेळी हे इतक्या कोवळ्या, जळलेल्या हाडांवरून बहुधा ठरत नाही. तिथे ‘मेंढी/शेळी’ असंच लिही.

चाळणीवर इतका भर का, ते 2010 पासूनच्या वादावरून कळेल. 1970च्या दशकातल्या अमेरिकन उत्खननातले 348 घट तपासून एका गटाने म्हटलं, यातली बरीच मुलं जन्माआधी किंवा जन्मताच दगावलेली आहेत, म्हणजे ही बालकांची दफनभूमी. त्याच उत्खननातल्या हाडांवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाने 2011 मध्ये सांगितलं, बहुतेक मुलं महिना-दीड महिन्याची आहेत, आणि नैसर्गिक बालमृत्यू असे एका वयाशी गोळा होत नाहीत. हाडं तीच, मग उत्तरं दोन का? आगीत हाड आक्रसतं. किती आक्रसलं असं धरलं, त्यावर वय काही आठवडे मागेपुढे होतं. दुसरी गोष्ट दातावरची जन्मरेषा. जन्माच्या वेळी दंतवल्कात, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणात, ही रेषा उमटते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसायला त्यानंतर आठवडाभर तरी बाळ जगलेलं असावं लागतं. शिवाय उष्णतेने वल्क तडकून सुटतं. म्हणून ‘रेषा दिसली नाही’ याचा अर्थ ‘मूल मृत जन्मलं’ असा होत नाही. आणि मूल कशाने गेलं, हे जळलेलं हाड सांगतच नाही.

मला स्वतःला अर्पणाची बाजू जड वाटते. कारण हाडांत नाही, मांडणीत आहे: कोकराला तसाच घट, तीच जागा, तसाच विधी. नुसत्या दफनभूमीत हे बसत नाही. प्रत्येक घटाची कथा एकच होती, असं मात्र मी म्हणणार नाही.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची घटदफनं तुला परिचयाची आहेत म्हणून सावध करायला हवं. तिथली मुलं न जाळता, तोंडाला तोंड लावलेल्या दोन घटांत, घराच्या जमिनीखाली पुरलेली आहेत. कार्थेजमध्ये जाळलेली हाडं, वस्तीपासून वेगळं राखलेलं आवार आणि वर देवाच्या नावाची शिळा. घट उकलण्याचं तंत्र तिथून घे, अर्थ घेऊ नकोस.

शिळांवरचा मजकूर जवळजवळ साचेबंद आहे: तानित देवीला आणि बाल हम्मोन या देवाला, अमक्याच्या मुलाने बोललेला नवस, कारण देवाने त्याचा आवाज ऐकला. जुन्या लेखांत फक्त बाल हम्मोन आहे. तानितचं नाव त्याच्या आधी येऊ लागतं ते साधारण इ.स.पू. पाचव्या शतकापासून. नवस करणाऱ्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, मुलाचं नाव नसतं. तेव्हा शिळा मोजून मुलं मोजू नकोस. ग्रीक ग्रंथकार डायोडोरस सिसिलीतल्या सिराक्यूजने कार्थेजला घातलेल्या इ.स.पू. 310 च्या वेढ्यात दोनशे खानदानी मुलं बळी दिल्याचं सांगतो, पण तो सिसिलीचा, आणि जवळपास अडीचशे वर्षांनंतर लिहिणारा.

कालमापनात एक खड्डा आहे. इ.स.पू. 800 ते 400 या काळात कार्बन-14 चा आलेख जवळपास सपाट आहे, त्यामुळे एकाच नमुन्याला तीन-चार शतकांचा पल्ला मिळतो. जळलेलं हाड सरपणातला कार्बनही शोषतं, म्हणजे जुनं लाकूड वापरलं असेल तर वय फुगतं. खापरांचा क्रम आधी पक्का कर.

ओळखीच्या प्रकरणात तू ‘फिनिशियन लोकांचा धर्म’ (फिनिशियन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून येऊन कार्थेज वसवणारे लोक) असं सरसकट लिहिलं आहेस, ते बदल. तोफेत कार्थेज, सिसिलीतलं मोत्या, सार्डिनियातलं थारोस आणि सुल्किस इथे आहेत. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या वसाहतींत आणि इबिझात सापडलेले नाहीत. ‘फिनिशियन’ हे ग्रीकांनी दिलेलं नाव. ही माणसं स्वतःला आपापल्या शहराची, म्हणजे सिदोनची, तायरची म्हणवत. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनए अभ्यासात पश्चिमेकडच्या प्यूनिक (म्हणजे कार्थेजच्या संस्कृतीतल्या) वस्त्यांमध्ये लेव्हंटचा, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा, वंश फारच थोडा आढळला. म्हणजे देव आणि लिपी रक्ताशिवायही प्रवास करत होत्या.

रोमन काळ वगळू नकोस. कार्थेज इ.स.पू. 146 मध्ये पडलं, पण आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाच्या नाट्यगृहावर इ.स. 1-2 मध्ये अन्नोबाल टापापियस रुफस या धनिकाने लॅटिन आणि नवप्यूनिक अशा दोन्ही भाषांत आपलं नाव कोरवलं. अल्जेरियातल्या एन्गाऊसच्या लॅटिन शिळांवर सॅटर्न या रोमन देवाला मुलाऐवजी कोकरू दिल्याचं स्पष्ट लिहिलं आहे: जिवाच्या बदली जीव, रक्ताच्या बदली रक्त. त्या पाच शतकं आधीच्या घटांवर थेट लावू नकोस, पण वाच नक्की.

फ्रेंच तुला येते. इटालियन या महिन्यातच सुरू कर, मोत्या आणि सार्डिनियाचे उत्खनन अहवाल बहुतांश त्याच भाषेत आहेत.