आधी टाकी रिकामी हवी

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

दिंडोरीतली तीन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून शिराझ आणि शेनिन ही वाइनची द्राक्षं लावायची, घरचीच वायनरी काढायची, असं लिहितोस. वडील अबोला धरून आहेत म्हणतोस. सोडतील. माझ्या वडिलांना दोन हंगाम लागले होते.

बागेचं तुला काय सांगू? एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, भुरी, डाऊनीसारखे रोग, सगळं अंगवळणी पडलेलं. फक्त हात आखडायला शीक. थॉमसनचा मणी फुगावा म्हणून आपण घड जीएत, म्हणजे वाढीच्या संजीवकात, बुडवतो; शिराझचा मणी लहानच बरा, रंग आणि चव सालीत असते. एकरी ४-५ टनांवर थांब. शेजारी हसतील.

पण घोडं पेंड खातं ते पुढे. खायची द्राक्षं व्यापारी तोडून नेतो; पैसे बुडाले तरी माल घरात पडून राहत नाही. वाइन राहते. टनाला साधारण ६०० लिटर धर. तीन एकरांचे १२ टन म्हणजे साडेनऊ हजारांवर बाटल्या. त्या घेणार कोण? फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली आणि टाकीत मागचीच वाइन असली, तर नवा रस ओतणार कुठे?

२००१ चं राज्याचं वाइन धोरण आलं तशा आमच्या भागात वायनऱ्या उभ्या राहिल्या. मीही घाईत दोन मोठ्या टाक्या बसवल्या. २००८-०९ ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांची मागणी बसली. करारावर लावलेल्या बागांची द्राक्षं कुणी उचलेना, कित्येकांनी वेलींना कुऱ्हाड लावली. मी रोज टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचो. शेवटी निम्मी वाइन मातीमोलानं गेली.

म्हणून एकच एकर लाव. दोन एकर थॉमसन राहू दे, वडीलही बोलायला लागतील. पहिली काही वर्षं माल दुसऱ्या वायनरीला घाल, भाड्यानं टाकी मिळते का बघ; परवान्याचं मात्र आधी एक्साइजमध्ये विचार. स्वतःची वायनरी बांधशील तेव्हा जनरेटर आधी घे, वाइन मुरवायची फ्रेंच लाकडी पिंपं मागाहून. शेनिनचा रस १५ अंशांच्या आसपास आंबवायचा, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. पाहुण्यांना वाइन चाखवायला बहिणीला बसव. तुला ते जमणार नाही, रागावू नकोस.

गोडी छाटणीआधी एक चक्कर मार. त्या वर्षातली एक बाटली ठेवलीय. पिण्यासारखी नाही, पण वास घेऊन बघ.

तुझा,
काका