क्लोरीनचा आकडा मोठा, मग पहिला नंबर फ्लुओरीनचा कसा?

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे गेलं की इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी वाढते आणि गणात खाली आलं की कमी होते, एवढं पाठ झालंय. पण इलेक्ट्रॉन ॲफिनिटी फ्लुओरीनची ३२८ आणि क्लोरीनची ३४९ दिलीय. मग इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीत फ्लुओरीन ३.९८ वर आणि क्लोरीन ३.१६ वर का? आणि गॅलियम ॲल्युमिनियमच्या खाली असून त्याच्यापेक्षा जास्त कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अरे, खूप छान शंका आहे, आणि पाठांतर केलं की नेमकी हीच अडते. ॲफिनिटी म्हणजे इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी ऊर्जा; ती मोजताना अणू एकटा असतो आणि बाहेरून अख्खा इलेक्ट्रॉन त्याच्यात घुसवायचा असतो. फ्लुओरीन इवलासा, त्याच्या दुसऱ्या कवचात आधीच सात जण दाटीवाटीने बसलेत, ते नव्याला ढकलतात, म्हणून ऊर्जा थोडी कमी सुटते. क्लोरीनचं तिसरं कवच ऐसपैस.

विद्युतऋणता (म्हणजेच तुझी इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी) मात्र एकट्या अणूची नाहीच, ती बंधात असलेल्या अणूची. इलेक्ट्रॉनांची सामायिक जोडी तो आपल्याकडे किती ओढतो ते बघायचं, आणि तिथे केंद्रक जवळ असल्याचा फायदा फ्लुओरीनला मिळतो. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने १९३२ मध्ये हे बंधांच्या ऊर्जेवरूनच काढलं, तूही वहीत करून बघ. हायड्रोजन-हायड्रोजन बंध ४३६ किलोज्यूल प्रति मोल, फ्लुओरीन-फ्लुओरीन साधारण १५८, सरासरी २९७. दोघांची ओढ सारखी असती तर बंध साधारण एवढाच असता. प्रत्यक्षात हायड्रोजन-फ्लुओरीन बंध ५६७ च्या आसपास, म्हणजे तब्बल २७० जास्त! हेच क्लोरीनचं कर (क्लोरीन-क्लोरीन २४३, हायड्रोजन-क्लोरीन ४३१), जास्तीचे जेमतेम ९२ निघतात. ही जास्तीची मजबुती ओढाओढीतून येते, आणि ३.९८ व ३.१६ हे आकडे असल्याच हिशोबातून आलेत.

आता गॅलियम. ॲल्युमिनियम १.६१, गॅलियम १.८१. मधे संक्रमण मूलद्रव्यांची रांग येऊन गेली ना, तिथे दहा डी-इलेक्ट्रॉन भरले गेले, आणि डी-इलेक्ट्रॉन केंद्रकाला नीट झाकत नाहीत, त्यामुळे प्रोटॉन वाढले त्यांची ओढ बाहेरपर्यंत पोचते. म्हणून परीक्षेत 'गणात खाली साधारणपणे कमी होते' असं लिही, तो 'साधारणपणे' गाळू नकोस. सोनं तर सहाव्या आवर्तात असून २.५४ वर आहे, जवळपास कार्बनइतकं, आणि ०.७९ वाल्या सीझियमबरोबर संयुग झालं तर चक्क ऋण आयन होऊन बसतं.