१९० वरून १७० च्या कॅनोपीवर जातोय, लँडिंगला फ्लेअर किती फुटांवर मारायचा?

तुम्ही लिहिलंय, वजन ७८ किलो, विमानातून ११० उड्या झाल्यात, १९० चौरस फुटांची कॅनोपी (पॅराशूटचं कापड) सोडून १७० ची घेताय, तर फ्लेअर (उतरताना वेग मारायला दोन्ही ब्रेकच्या दोऱ्या ओढणं) किती फुटांवर सुरू करायचा. फुटांचा आकडा मी देणार नाही. दिला तरी तो हवेत वाचता येणार नाही. त्या उंचीवर जो अल्टिमीटर बघतो, तो जमीन बघत नसतो.

खरं तर मी प्रश्न सोडून देणार होते. पण पुढे तुम्ही लिहिलंत, "विंग लोडिंग १.२ च्या आतच येतंय, म्हणजे काळजी नाही," आणि माझं डावं मनगट ठणकलं. (विंग लोडिंग म्हणजे सामानासकट वजन पौंडांत, भागिले कॅनोपीचे चौरस फूट.)

माझं वजन ५२ किलो. सामानासकट ६३, म्हणजे १३९ पौंड. माझी कॅनोपी १७० चौरस फुटांची होती, म्हणजे लोडिंग जेमतेम ०.८. जरा वारा असला की मी पुढे जायचेच नाही, कुठल्या तरी शेतात उतरून कॅनोपी खांद्यावर टाकून चालत यायचे. आमच्या ओळखीतले एक दादा आहेत, नेरुळचे, उड्यांमध्ये माझ्या कितीतरी पुढे. ते म्हणाले, "अगं, तू एवढीशी! तुला १३५ च पाहिजे. भागून बघ, १.०३ येतं. मी १.३ वर उडतो." शिवाय त्यांच्याकडे एक जुनी १३५ विकायची पडून होती. मधली १५० मी गाळली. पैसे वाचले म्हणून खूशही होते.

दादांनी एक गोष्ट सांगितली नाही. भागाकार सारखा आला म्हणून कॅनोपी सारखी वागत नाही. छोट्या कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड असतात, टॉगल (ब्रेकच्या दोरीची मूठ) बोटभर जास्त ओढलं तरी ती लगेच ऐकते. नव्वद किलोच्या माणसाचं १.० आणि माझं १.० एक नाही. हलक्या मुलींना हे कोणी सांगत नाही, सगळे फक्त "तुला चालेल" म्हणतात.

१३५ वरची तिसरी उडी, परदेशातल्या एका ड्रॉपझोनवर (उड्या मारायच्या मैदानावर). वारा पूर्ण पडलेला. हजार फुटांवर डाउनविंड, सहाशेला बेस, तीनशेला फायनल, उतरण्याचे तिन्ही टप्पे नीट. फ्लेअरही वेळेवर सुरू झाला, कॅनोपी सपाट, जमिनीला समांतर धावायला लागली. आणि मग मी खाली बघितलं. गवत वेगळं दिसतच नव्हतं, नुसते हिरवे पट्टे सरकत होते. मला वाटलं पडतेय, आणि पडणारा माणूस जे करतो तेच मी केलं, डावा हात जमिनीकडे पुढे केला. त्या हातात टॉगल होतं. डावी बाजू खाली ओढली गेली, उजवी तिथेच राहिली. कॅनोपी डावीकडे वळली, आणि ज्या हाताने मी स्वतःला सावरणार होते त्याच हातावर सगळी आपटले.

सहा आठवडे प्लास्टर. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. आई केस विंचरून द्यायची आणि रोज तेच ऐकवायची, "विमानातून पडलीस तेव्हा काही झालं नाही, जमिनीवर येऊन हात मोडलास."

दादा अजून म्हणतात, चूक हाताची होती, कॅनोपीची नाही. बरोबर आहे. पण तोच हात मी १७० वर निदान वीसदा पुढे केला असेन. जुने व्हिडिओ काढून बघितले, प्रत्येकात दिसतं. तेव्हा गुडघ्याला माती लागायची आणि मी हसत उठायचे. मोठी कॅनोपी माझी खोड झाकत होती आणि मला वाटत होतं मला उतरता येतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: जे बदलायचंय ते १९० वरच बदला. दोन्ही हात समान, कॅनोपी सपाट होईपर्यंत अर्धं ओढा, तिला धावू द्या, मग हळूहळू शेवटपर्यंत. बहुतेक जण शेवटचं वीतभर ओढतच नाहीत, कारण पाय टेकलेले असतात. नजर पुढे. ठाण्याला गाडी फलाटात शिरताना दारातले लोक पायाखाली बघत नाहीत, तसं. (चालत्या गाडीतून उतरू नका, उदाहरण आहे.) फ्लेअर उंचावर लागला तर हात तिथेच धरून ठेवा, सोडलेत तर ती नाक खाली घालते. शेवटच्या शंभर फुटांत कळलं की वारा आडवा आहे, तर आडव्यातच उतरा, पाय जुळवून लोळा. वळायला जाऊ नका, लोक तिथेच मरतात.

१७० हातात आल्यावर पहिल्या दोन-तीन उड्यांत लवकर उघडा आणि दोन हजार फुटांच्या वरच फ्लेअर करून बघा. टॉगल कुठे आल्यावर ती सपाट होते आणि कुठे स्टॉल होते (उडणं सोडून खाली पडते), ते हाताला कळू द्या. ब्रेक अर्धे ठेवून सपाट वळणंही तिथेच घ्या. वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे तुमचा सहा टक्क्यांच्या आतच. माझा बारा टक्के वाढला होता. त्यामुळे तुमची उडी माझ्याइतकी वेडेपणाची नाही, हे मान्य. तरी ११० उड्यांना १.१५ लोडिंग मला जास्त वाटतं. शंभर उड्यांपर्यंत १.०, पुढच्या प्रत्येक शंभराला ०.१, असा एक ढोबळ हिशोब सांगतात. त्यात तुम्ही बसत नाही. अजून शंभर-दीडशे उड्या थांबलात तर १७० कुठे पळून जात नाही.

मी इन्स्ट्रक्टर नाही. कॅनोपी चौकोनी आहे की एलिप्टिकल (लंबवर्तुळी), यावरही बरंच बदलतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जिथे उडता तिथल्या माणसाला तुमच्या शेवटच्या दहा लँडिंगचे व्हिडिओ दाखवा, बाजूने काढलेले.

आणि ही १७० तुम्हाला विकतंय कोण?